तंजावर ते पुणे, दीड तास

विमान जितका वेळ हवेत असतं तितकाच वेळ प्रवासाला लागतो असं धरून मी माझ्या आत्याला तंजावरहून पुण्याला सवाष्ण म्हणून जेवायला नेलं. सकाळी निघून त्याच दिवशी दुपारच्या पानावर.

त्यातून मी पोटासाठी भूगोल शिकवतो. तंजावरातल्याच एका कॉलेजात, अक्षांश आणि रेखांश, डोळे मिटून. माझे विद्यार्थीही डोळे मिटूनच ऐकतात. पण त्यांनी माझ्या भरवशावर आजवर कुठे प्रवास केलेला नाही, हे त्यांचं शहाणपण म्हणायचं.

आमच्या घराण्यात लग्नकार्याआधी सवाष्णी जेवू घालतात. घरातल्या ज्या बायका कुंकवासकट गेल्या, त्या तृप्त व्हाव्यात आणि कार्य निर्विघ्न व्हावं म्हणून. पहिल्या पाटावर घरची लेक बसते. ती बसल्याखेरीज बाकीच्या बसत नाहीत, सवाष्णी उठल्याखेरीज घरचं कुणी तोंडात घास घालत नाही, आणि सवाष्णींना दिवस मावळायच्या आत पानावर बसवावं लागतं. घरची लेक म्हणून आमच्याकडे आता एकच उरली आहे, ती आत्या. सत्तरी कधीच ओलांडली, आतोबा ठणठणीत, त्यामुळे पाट अबाधित. लग्न झाल्या वर्षापासून ती त्या पाटावर बसते आहे. माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला अण्णा म्हणतो, नोकरीच्या निमित्ताने पुण्याला गेला, तिथलीच मुलगी केली आणि तिथलाच झाला. थोरला म्हणून देव त्याच्याकडे गेले, देवांबरोबर कुळाचार गेले, कुळाचारांबरोबर पाटही गेले. आत्याचं माहेर असं सामानासकट हजार किलोमीटर सरकलं. तिच्या वाट्याला त्यातला एक पाट तेवढा राहिला, तोही कुणाच्या घरी कार्य निघालं तरच.

यंदा वैशाखात अण्णाच्या मुलीचं लग्न ठरलं. अण्णाचा फोन आला तेव्हा आत्या आमच्याकडेच बसली होती, म्हणून मी फोन मोठ्या आवाजावर टाकला. त्या क्षणापासून जे झालं त्याला तो आवाज जबाबदार आहे असं मला अजून वाटतं.

“मी तीन दिवस आधी रेल्वेनं येते,” आत्या म्हणाली.

“या उन्हात? तंजावरहून पुण्याला म्हणजे काशीयात्राच की,” अण्णा म्हणाला.

मागून वहिनींचा आवाज आला. तो आपल्याला ऐकू जाणार नाही अशा समजुतीने काढलेला आवाज होता, त्यामुळे स्पष्ट ऐकू आला. “आत्यांना एवढी दगदग कशाला? आमच्या ताई आहेत ना इथल्या इथे. पहिल्या पाटावर त्या बसतील.”

ताई म्हणजे वहिनींची थोरली बहीण. बाई भली आहे, पण आमच्या घरची लेक नव्हे. आत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. ती गप्प बसली की घरात पंख्याचा आवाज ऐकू येतो, आणि तो मला सहन होत नाही.

मी मोबाइल काढला. कुठल्याही दोन शहरांची नावं टाकली की मधलं अंतर आणि विमानाला लागणारा वेळ सांगणारं एक पान असतं. मी तंजावर टाकलं, पुणे टाकलं. उत्तर आलं: हजारेक किलोमीटर, विमानाने सुमारे दीड तास.

“वहिनी!” मी ओरडलो. “दीड तास! फक्त दीड तास! तुमच्या ताईंना हडपसरहून कोथरूडला यायला याहून जास्त लागतो. आत्या सकाळी इथे कॉफी घेईल आणि दुपारी तुमच्याकडे पानावर बसेल. बाराला पानं मांडा.”

पलीकडून अण्णा म्हणाला, “नक्की?”

“अरे, मी भूगोल शिकवतो!”

आत्याने बोटाचा पदर सोडला. माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की जन्मात पहिल्यांदाच मला आपण कर्तबगार पुरुष असल्यासारखं वाटलं. हे वाटणं तिकीट काढेपर्यंत टिकलं.

त्या पानाने एक गोष्ट सांगितली नव्हती, ती अशी की तंजावरहून पुण्याला विमानच नाही. तंजावरला धावपट्टी आहे, पण ती हवाई दलाची, आणि हवाई दलाने आपली विमानं सवाष्णींची ने-आण करायला ठेवलेली नाहीत. पानाने नकाशावर सूत धरलं, वेगाने भागलं आणि उत्तर दिलं. सुताला वाट बघावी लागत नाही.

खरी वाट अशी निघाली: तंजावरहून गाडीने तिरुची, तिरुचीहून विमानाने चेन्नई, चेन्नईहून दुसऱ्या विमानाने पुणे. पुणं आमच्या वायव्येला. म्हणजे आधी पश्चिमेला जायचं, मग ईशान्येला उडायचं आणि मग सगळा देश तिरपा कापायचा. हा रस्ता एखाद्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत काढला असता तर मी त्याला शून्य दिलं असतं.

तरीही मी हिशेब केला. पहिलं उड्डाण तासाभराचं, दुसरं पावणेदोन तासांचं. म्हणजे पावणेतीन तास. मधे चेन्नईला चार तास होते, ते मी धरले नाहीत, कारण त्या वेळात आपण कुठे जात नसतो आणि जात नसताना प्रवास कसला? तिकिटावर पुण्याला पोचायची वेळ दुपारी दीडच्या पुढची होती. बारा काय आणि दीड काय, सवाष्णींचं पान कुठे बाराला मांडलं जातं, असं मी स्वतःला समजावलं. इतर कुणाला समजावायच्या भानगडीत पडलो नाही.

निघायच्या दिवशी आत्या पहाटेच अंघोळ करून तयार. सवाष्णीने पाटावर बसेपर्यंत उपाशी राहायचं असा तिचा नेम, त्यामुळे पोटात फक्त कॉफी. हातात एक पिशवी, तिच्यात सोवळ्याचं रेशमी नऊवारी. दुसऱ्या हातात ओल्या पंच्यात गुंडाळलेली उभी लांब वळकटी.

“हे काय?”

“पानं.”

पापनाशमजवळच्या शेतातली, शेंड्याची, बिनफाटकी केळीची पानं तिने आदल्या संध्याकाळी मागवून घेतली होती. पुण्यात केळीची पानं मिळतात हे मी तिला सांगितलं.

“पाहिली आहेत मी,” ती म्हणाली. “त्यावर आमटी वाढली की शेजारणीच्या मांडीवर जाते.”

तिरुचीच्या विमानतळावर तपासणीच्या अधिकाऱ्याने वळकटी उघडायला लावली, एक एक पान उलटून पाहिलं आणि तमिळमध्ये विचारलं, “अम्मा, नुसती पानंच? वाढायला काही नाही?”

“ते मुक्कामाला आहे,” आत्या म्हणाली. “हा म्हणतो दीड तासात.”

अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. तिकीट त्याने आधीच पाहिलं होतं. पानं पुन्हा गुंडाळताना त्याने त्यांच्यावर जरा जास्त पाणी शिंपडलं.

पहिलं विमान पंख्याचं होतं. आत्याने ते बाहेरून नीट पाहिलं. “एवढेंसें? आपल्या कुंभकोणच्या बसेला याहून जास्त खिडक्या आहेत.” पण आत बसल्यावर ती खुलली. खाली कावेरी दिसली, वाळूच जास्त आणि पाणी कमी. आत्याने हात जोडले. तासाभरात आम्ही उतरलो. ती पदर सावरून, पानं छातीशी धरून, नव्या नवरीसारखी उजवं पाऊल आधी टाकत जिना उतरली.

आत गेल्यावर तिने चारी बाजूंना पाहिलं. जाहिराती तमिळ, झाडूवाल्या बाया तमिळ, समोरचा एक गृहस्थ फोनवर बायकोशी तमिळमध्ये भांडत होता.

“पुण्यात सगळे तमिळ कधीपासून बोलायला लागले रे?”

“आत्या, हे चेन्नई आहे.”

“मद्रास?”

“हो. इथून दुसरं विमान.”

“सरी,” ती म्हणाली. तमिळमधलं हे ‘ठीक आहे’ आमच्या मराठीत इतकं मुरलं आहे की नाराजीही आम्ही त्याच शब्दात व्यक्त करतो. “कोठें आहे तें विमान?”

“येईल.”

“केव्हां?”

मी चार तास असं म्हणायचं टाळून “जरा वेळाने” म्हणालो. भूगोलाच्या माणसाला ‘जरा’ हे माप शिकवलेलं नसतं, पण ते फार उपयोगी आहे.

ती खुर्चीवर बसली, पानं मांडीवर आडवी घेऊन. दहा वाजता मला भूक लागली. घरचा पुरुष म्हणून सवाष्णी उठेपर्यंत मीही काही खायचं नव्हतं. पण नियम घरासाठी असतात आणि हे तर विमानतळ, असा एक विचार माझ्या मनात येऊन बसला. मी हात धुवायला जातो असं सांगितलं, खांबाआड गेलो आणि उभ्या उभ्या दोन मेदूवडे खाल्ले. परत आलो तेव्हा चेहरा पुरेसा उपाशी केला होता.

आत्याने मान वर न करता विचारलं, “वडा बरा होता का?”

“कुठला वडा?”

“मिशीत आहे तो.”

मी मिशी पुसली. ती म्हणाली, “खा रे, खा. तुझा काही पाट नाही तिथे. माझा आहे.” मग थोड्या वेळाने, माझ्याशी नव्हे, पानांशी बोलल्यासारखी: “अण्णा लहान होता तेव्हां माझ्या पाटाभोवती रांगोळी तोच काढायचा. वाकडी काढायचा. पण दुसऱ्या कोणाला हात लावूं द्यायचा नाही.”

मला तेव्हाच अण्णाला फोन करून खरं काय ते सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी पाटीकडे पाहिलं. आमच्या विमानापुढे ‘उशीर’ अशी अक्षरं उमटली होती.

बाराला अण्णाचा फोन आला. “पानं मांडली आहेत. कोपऱ्यापर्यंत आलात?”

“थोडं मागे आहोत.”

“कुठे मागे?”

“चेन्नईत.”

“चेन्नईत? अरे, पुण्याला येतो आहेस की सिंगापूरला?”

मी विमानकंपन्यांबद्दल चार वाक्यं बोललो. मागे भांड्यांचे आवाज थांबले होते. मग वहिनी फोनवर आल्या. पुणेरी माणूस रागावला की फार व्यवस्थित बोलतो. “भावोजी, इथे आठ सवाष्णी आहेत. सकाळपासून एकीनेही काही घेतलेलं नाही. पुरणाच्या पोळ्या झाकून ठेवल्या आहेत. आपण दीड तास म्हणाला होतात, तो नेमका कुठून कुठपर्यंतचा, हे समजलं तर बरं होईल.”

मी आवाज नीट येत नाही म्हणालो आणि फोन ठेवला.

दुपार कशी गेली ते सांगण्यासारखं नाही. विमान आलं, आम्ही चढलो, ते उडालं, आणि पुण्यावर आल्यावर उतरायला जागा मिळेना म्हणून चक्कर मारू लागलं. खालची टेकडी एकदा उजवीकडून दिसली, मग डावीकडून, मग पुन्हा उजवीकडून.

“ह्या टेकडीला प्रदक्षिणा घालायची चाल आहे का?” आत्याने विचारलं.

टॅक्सीत बसलो तेव्हा पाच वाजून गेले होते. शुक्रवारची संध्याकाळ. विमानतळ शहराच्या एका टोकाला, अण्णाचं घर दुसऱ्या टोकाला आणि मधे सगळं पुणं आपापल्या गाडीत बसून स्वस्थ उभं होतं. पानांच्या कडा तपकिरी व्हायला लागल्या होत्या. आत्याने बाटलीतलं पाणी स्वतः न पिता त्यांच्यावर शिंपडलं. दिवसभरात तिने पाण्याचा घोटही घेतला नव्हता, हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

सहाच्या सुमाराला अण्णाचा फोन. आवाज खाली गेलेला. “हे बघ, कॅलेंडरात सूर्यास्त साडेसहाला दिला आहे. ताईंना रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायच्या आहेत, त्या उपाशीपोटी चालत नाहीत. दिवस असा वाया घालवता येणार नाही रे. सव्वासहापर्यंत थांबतो. मग ताईंना पहिल्या पाटावर बसवावंच लागेल.”

फोन मोठ्या आवाजावर नव्हता, पण टॅक्सी लहान होती. आत्याने हात पुढे केला, मी फोन दिला.

“अण्णा, बसव तिला,” ती म्हणाली. “बायका उपाशी ठेवून माझा कसला मान? आतांच बसव.”

“सव्वासहापर्यंत बसवणार नाही,” अण्णा म्हणाला, आणि फोन ठेवला.

आत्या खिडकीतून बाहेर पाहू लागली. पदराचं टोक तिने पुन्हा बोटाला गुंडाळायला घेतलं. तिच्याकडे पाहवेना म्हणून मी समोर पाहिलं, तर समोरच्या काचेतून ऊन सरळ माझ्या डोळ्यांत येत होतं. मी डोळे बारीक केले. सूर्य दोन इमारतींच्या मधे चांगला वर होता. अर्ध्या तासात मावळणाऱ्या सूर्याची ही जागा नव्हे. कॅलेंडर चुकलं कसं?

आणि मग मला आठवलं की ते कॅलेंडर कुठलं आहे. दरवर्षी जानेवारीत तंजावरचं रोज एक पान फाडायचं तमिळ कॅलेंडर मीच अण्णाला पाठवतो. इतकी वर्षं पुण्यात राहूनही तो एकादशी आणि राहुकाळ आमच्याच गावचा पाळतो. त्यातला सूर्यास्त आमचा होता. आमच्या नारळांमागचा.

मी ताबडतोब फोन लावला. “अण्णा! तो सूर्यास्त तंजावरचा! पुणं पश्चिमेला, शिवाय उत्तरेला. वैशाखात इथे सूर्य आपल्याहून चांगला अर्धा तास उशिरा मावळतो. थांब!”

पलीकडून वहिनींचा आवाज आला: “आता सूर्यालाही उशीर करायला लावलात का, भावोजी?”

“वहिनी, शपथेवर सांगतो. रेखांश...”

“तुझे तास पुरे,” अण्णा म्हणाला. “दिवसभर ऐकतो आहे.”

“माझं ऐकू नकोस. गच्चीवर जा आणि बघ!”

अण्णाचं घर तिसऱ्या मजल्यावर. खिडकीसमोर दुसरी इमारत, त्यामुळे त्या घरात दुपारी चारलाच संध्याकाळ होते. तो फोन हातात धरूनच जिना चढला. त्याच्या चपलांचा आवाज, दम, गच्चीच्या कडीचा खडखडाट मला ऐकू येत होता. नंतर वारा ऐकू आला. नंतर अण्णा म्हणाला, “अरे, हा तर टेकडीच्या केवढा वर आहे!” आणि खाली कुणाला तरी ओरडून सांगितलं, “पाट राहू दे तसाच! रिकामा!”

आत्याने बोटाचा पदर सोडला. ड्रायव्हरला म्हणाली, “बाबा, जरा लवकर घेशील?” पुण्याच्या ड्रायव्हरला असं कुणी म्हणू नये, पण तिच्या जुन्या वळणाच्या मराठीत काही तरी असावं. त्याने एका गल्लीत गाडी घातली, दुसरीतून काढली, एका सोसायटीच्या फाटकातून आत जाऊन मागच्या फाटकातून बाहेर पडला आणि कुठल्याही नकाशात नसलेल्या रस्त्याने आम्हाला दारात आणून सोडलं.

घरात आठ बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. एकीने माझ्याकडे पाहिलं, मग बाकीच्या सातजणींनी पाहिलं. आत्या पानं वहिनींच्या हातात देऊन न्हाणीघरात गेली. वहिनींनी वळकटी उघडली, एक पान वर धरून उजेडात पाहिलं, आणि कोरडी आधीची पानं उचलून ही मांडायला लागल्या. पहिल्या पाटाभोवतीची रांगोळी वाकडी होती.

आत्या सोवळं नेसून आली. ताई भिंतीला धरून उठल्या, तिचा हात धरला आणि तिला पाटापर्यंत नेलं. “बसा हो, आता बसा,” त्या म्हणाल्या. “मला चक्कर यायच्या आत.” आत्या बसली, मग ताई, मग बाकीच्या. अण्णाने पुन्हा एकदा गच्चीवर माणूस पाठवला. सूर्य होता. वाढणं सुरू झालं आणि तूप पडल्यावर अर्धा तास त्या खोलीत कुणी शब्द काढला नाही.

जेवणं झाल्यावर ओट्या भरल्या, विडे दिले. मग घरातले सगळे सवाष्णींच्या पाया पडायला लागले. अण्णा वाकला तेव्हा आत्याने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. वहिनी वाकल्या. नवरी मुलगी वाकली. सगळ्यांत शेवटी मी.

दिवसभर खाल्लेल्या बोलण्यांनंतर माझ्याकडे सांगण्यासारखं एकच होतं, आणि ते सांगितल्याशिवाय मला राहवेना. वाकल्या वाकल्या मी म्हणालो, “काही म्हण आत्या, शेवटी माझ्या भूगोलानंच तुझा पाट वाचवला.”

तिने माझ्या डोक्यावर अक्षता टाकल्या, नेहमीपेक्षा जरा जोरात.

“पाट सूर्यानं वाचवला,” ती म्हणाली. “तुझ्या भूगोलानं मला मद्रास दाखवलं.”